मालकाने ओढायची रेघ

आमच्याकडे बहिणीने हक्कसोड लिहून दिली की तिला साडी देतात. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडते, असं कागदावर लिहून बहीण रजिस्ट्रारच्या ऑफिसातून बाहेर येते आणि समोरच्या रसवंतीच्या बाकावर भाऊ तिच्या हातात पिशवी ठेवतो. माझ्या तिन्ही आत्यांना अशा पिशव्या मिळाल्या. आईने तिच्या भावांना लिहून दिलं तेव्हा तिला मोरपंखी साडी मिळाली होती, ती अजून ट्रंकेत आहे. मला गाडी मिळाली.

म्हणजे नावावर मिळाली.

आमचं घर नांद्यात. भाताच्या खाचरांपलीकडे आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती दिसतात. शेताचा रस्त्याकडचा तुकडा विकायचा ठरला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. कायद्याने माझाही वाटा असल्यामुळे मला पौडला, तालुक्याच्या त्याच ऑफिसात नेलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "स्वखुशीने देताय ना?" त्या सगळ्यांनाच विचारत होत्या, ते त्यांचं कामच होतं. माझ्या मागे आप्पा, म्हणजे वडील, मोठा भाऊ दादा आणि त्याचे दोन मित्र उभे होते. मी हो म्हणाले. मग अंगठा मशीनवर ठेवला आणि त्यांनी कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. त्या कागदावरच्या फोटोत मी हसते आहे. फोटो काढताना हसायचं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

शाळेचं घरात नेहमी निघायचं. आप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं आणि दादाला गावच्या. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला न्यायला पिवळी बस यायची, तो सायकलवर जायचा. त्यामुळे मला जे मिळायचं ते मिळून झालेलं आहे, असं सगळेच धरून चालत. "तुला इंग्लिस मीडियम दिलं, त्याला काय दिलं?" हे आप्पा चिडून म्हणत नसत, समजावून सांगितल्यासारखं म्हणत. घरात मला हाक मारायची तर "मॅडम". मला बोलायला वेळ लागतो, आणि बोलले की पुस्तकातल्यासारखं येतं, म्हणून.

पौडहून आल्यावर दोन महिन्यांनी दादाने पुण्यातल्या एका माणसाकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की आई तिच्याकडे बघून म्हणाली, "बसायचं का निजायचं हिच्यात?" पण त्याच आईने, कधी नव्हे ते, जेवताना मध्येच तोंड उघडलं.

"पोरीला काय तरी द्या की तुमी. साडी तर नेसत न्हाई ती."

आप्पा हसले. जीप आणि नवा बंगला दादाच्या नावावर आधीच झाला होता. "तिच्याच नावावर घे रं गाडी," ते म्हणाले. "तेवढंच तिला."

"घेतो की," दादा म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली.

अशी ती गाडी माझी झाली. मी पहिल्या पगारातून बाणेरला ड्रायव्हिंग शिकले होते, लायसन्स पाकिटात होतं. मला त्या गाडीतून एकदा हिंजवडीला ऑफिसला जायचं होतं. कंपनीची बस सोडून, एकटीने, काचा वर करून. याहून जास्त काही मनात नव्हतं. मी दादाला तसं विचारलंसुद्धा, म्हणजे किल्ली मागितली.

"शिकवीन की तुला," तो म्हणाला. "ही साधी न्हाई, दमाची हाय. आधी जरा नीट करून घिऊ तिला."

नीट करणं म्हणजे रुंद करणं, हे मला आठवड्याभरात कळलं. एका संध्याकाळी दादा माझ्या खोलीच्या दारात मोबाइल घेऊन उभा राहिला. त्याने दार वाजवलं होतं. आमच्या घरात कुणी दार वाजवत नाही.

"मॅडम, हे वाच की जरा. काय लिहिलंय ह्यात?"

वाईडबॉडी किटची जाहिरात होती. चारी चाकांवर बाहेरून बसवायच्या फुगीर कमानी, पुढच्या बंपरखालचा ओठ, दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्या. हे सगळं बसवलं की आत रुंद टायर मावतात आणि गाडी दंड थोपटून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. दादा लहानपणी तालमीत जायचा. त्याला त्या चित्रात काय दिसत होतं ते मला लगेच समजलं.

मी वाचून दाखवलं. मग त्याने दुसरं दाखवलं, तिसरं. मग मीच शोधायला लागले. पुढचे सहा आठवडे तो रोज संध्याकाळी दोन कप चहा घेऊन यायचा आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसायचा. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही इतकं बोललो नव्हतो. परदेशातलं अस्सल किट आम्हाला झेपणारं नव्हतं, त्याच्या किमतीत अजून एक जुनी गाडी आली असती. उरल्या दिल्लीकडे फायबरमध्ये केलेल्या नकला. त्यांत दोन जाती होत्या. एका जातीच्या कमानी मूळ पत्र्यावर वरून बसतात, स्क्रू आणि चिकटपट्टीने, आणि कंटाळा आला की काढता येतात. दुसऱ्या जातीच्या जास्त फुगीर असतात. त्यांच्यासाठी मागच्या चाकांवरचा मूळ पत्रा कापावा लागतो.

स्वस्त किट घ्यायचं तर विकणाऱ्याचं तोंड नाही, माल बघावा लागतो. मी जगभरच्या लोकांची रडगाणी वाचली. कुणाची डावी कमान उजवीपेक्षा बोटभर मोठी निघाली, कुणाचं फायबर उन्हात वाकलं, कुणी आधी नुसतं लावून न बघता थेट रंग दिला आणि मग रडला. मी दिल्लीच्या चार दुकानदारांना इंग्रजीत मेल लिहिले, दोन्ही बाजूंना टेप लावून फोटो पाठवा म्हणून. एकानेच उत्तर दिलं, तेही मोबाइलवर हिंदीत बोलून पाठवलेलं, आणि शेवटी म्हणाला, "मैडम, इतना तो कोई नहीं पूछता।" दादाने तो निरोप मित्रांना तीनदा ऐकवला.

रविवारी सकाळी आम्ही अंगणात मापं घ्यायचो. तो टेपचं टोक धरायचा, मी आकडे लिहायचे. चाक बाहेर किती येईल, वळताना कुठे घासेल. मित्र आले की तो म्हणायचा, "विचारा काय पण आमच्या मॅडमला. सगळं पाठ हाय." मी वर न बघता लिहीत राहायचे, पण कानाच्या पाळ्या गरम झालेल्या मला कळायच्या.

"तुझं काय म्हननं मग?" एके दिवशी त्याने विचारलं.

"वरून बसणारं घेऊ."

"का गं?"

मी कारणं सांगितली. कापलं की पत्र्याच्या कडा उघड्या पडतात. मागचा पत्रा दुहेरी असतो, आतला आणि बाहेरचा, कापल्यावर दोन्हींच्या मधली फट वेल्डिंग करून, वर सीलर भरून बंद करावी लागते, नाहीतर आपल्या मुळशीच्या पावसात एका वर्षात सडेल. शिवाय पोलिसांनी धरलं तर वरून बसवलेलं काढून ठेवता येतं. ही सगळी कारणं खरी होती. खरं कारण मात्र मी दिलं नाही. ती माझ्या नावावर होती आणि तिला कुणी कापू नये, असं मला वाटत होतं. इतकं साधं वाक्य होतं. मी ते मनात मराठीत जुळवलं, इंग्रजीत जुळवलं, आणि मापांची वही पुढे केली.

"बरं," दादा म्हणाला. "तू म्हंतीस तसं."

तो आठवडा मी ऑफिसच्या बसमध्ये खिडकीशी बसून बाहेरच्या गाड्यांच्या कमानी बघत होते. माझ्या म्हणण्याप्रमाणे काहीतरी होणार होतं. शेजारच्या मुलीने विचारलंसुद्धा, लग्न ठरलं का म्हणून.

शनिवारी बस चौकात आली आणि मला फ्लेक्स दिसला. दादाचा वाढदिवस दहा दिवसांवर होता. त्याच्या मित्रांनी चौकाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाईल एवढा फ्लेक्स लावला होता. मध्ये दादा, पांढरा शर्ट, काळा चष्मा, हात जोडलेले. खाली लिंबाएवढ्या गोलांत शुभेच्छुक मित्रांची तोंडं. आणि दादाच्या मागे लाल गाडी. रुंद. ते चित्र मला ओळखू आलं. दोन्ही किटांमधला फरक कळावा म्हणून मीच ते त्याला पाठवलं होतं, दुसऱ्या जातीचं, कापावं लागणारं. त्याखाली मी लिहिलं होतं, "हे नको."

घरी आले तेव्हा तो मित्राबरोबर ओट्यावर बसला होता. फ्लेक्स त्याच मित्राने छापून आणला होता.

"दादा, फ्लेक्सवर दुसरं किट आहे."

"व्हय, ते डिझाइनवाल्यानं घेतलं माझ्या मोबाइलमधनं. लई भारी दिसतंय पण."

"त्याला पत्रा कापावा लागतो."

"मग कापू."

"आपलं ठरलं होतं."

"अगं, आता फ्लेक्सवर गेली ना ती! सगळ्या गावानं बगितली. वाढदिवसाला दुसरीच गाडी घिऊन उभा ऱ्हायलो तर शेंबडं पोर बी हसंल मला."

मित्र हसून म्हणाला, "मॅडम, फ्लेक्स उतरवता येत न्हाई. गाडी कापता येतीया."

दोघंही हसले. नवा फ्लेक्स छापायला एक दिवस लागला असता. ते मला तिथेच सुचलं होतं. मी चपला काढल्या आणि आत गेले. इथे लोकांच्या गाडीवरून फ्लेक्स होतो, आमच्या घरी फ्लेक्सवरून गाडी झाली.

किट दिल्लीहून पाच दिवसांत आलं, निळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं, रेझिनचा उग्र वास मारत. बसवायला ते महाळुंग्याला नेलं. दोन अर्धवट बांधलेल्या टॉवरांच्या मध्ये एक पत्र्याची शेड आहे. तिथला कारागीर यूपीचा, पन्नाशीतला, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्याचं रोजचं काम वेगळंच. कोळवणला शहरातल्या लोकांनी फार्महाऊसं घेतली आहेत, त्यांच्या बागांसाठी तो फायबरची हरणं आणि अळंबीच्या आकाराची बसकी स्टुलं करतो. गाड्या तो अधूनमधून घेतो. पण कापायच्या दिवशी त्याने दादाला परत पाठवलं. आरसी बघितली, नाव बघितलं आणि म्हणाला, जिच्या नावावर आहे तिला आणा.

म्हणून रविवारी सकाळी दादा मला घेऊन गेला. त्या गाडीत मी तेव्हा पहिल्यांदा बसले, शेजारच्या सीटवर. ती खरंच जमिनीलगत चालते. रस्त्यातला प्रत्येक खडा कण्यात जाणवतो. नांद्याहून महाळुंग्यापर्यंत मी दादाचे पाय बघत होते, क्लच कधी दाबतो, कधी सोडतो.

उस्तादने मागच्या चाकावर पांढरी मास्किंग टेप लावून ठेवली होती. हातात काळा मार्कर. शेडमध्ये दहा-बारा हरणं ओळीने उभी होती, अजून डोळे न रंगवलेली.

"लाइन मालिक खींचेगा," तो म्हणाला. "हम सिर्फ काटेंगे।"

त्याची ती पद्धतच होती. पूर्वी एका मुलाने बापाची गाडी आणून कापून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी बाप काठी घेऊन आला. तेव्हापासून ज्याचं नाव कागदावर, त्यानेच टेपवर रेघ ओढायची. नंतर कुणी म्हणायला नको, मला विचारलं नाही.

"अरे उस्ताद, मालिक मैं ही हूँ," दादा म्हणाला.

"कागज पे कौन है?"

"बहन है। घर की ही है।"

"तो बहन खींचेगी।"

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. इतका वेळ तो चालू होता हे बंद झाल्यावर कळलं. मग त्याने मार्कर माझ्याकडे दिला आणि हिंदीत, सावकाश, जणू मला हिंदी नीट येत नाही असं समजून म्हणाला, "मैडम, सोच लीजिए। ये लोहा कटने के बाद वैसा नहीं रहता, कितना भी जोड़ो। आप ना बोलोगे तो हम चाय पिएँगे और आप लोग गाड़ी लेके घर जाओगे। मेरे को कोई दिक्कत नहीं।"

पौडच्या खिडकीत प्रश्न आला तेव्हा उत्तर आधीच टाइप झालेलं होतं. इथे तसं काही नव्हतं. एक अनोळखी माणूस यंत्र खाली ठेवून माझ्या उत्तरासाठी थांबला होता. घाई करत नव्हता. दादाच्या आड मला लपताही आलं नसतं, कारण उस्ताद त्याच्याकडे बघतच नव्हता. "नाही" हा शब्द मला तीन भाषांत येत होता.

दादा रागावलेला नव्हता. रागावला असता तर कदाचित सोपं गेलं असतं. तो नुसता उभा होता, हातात मोबाइल, व्हिडिओ काढायच्या तयारीत. त्याला शंकाच नव्हती.

"ओढ की गं," तो म्हणाला, आणि हे त्याने फार मायेने म्हटलं. "तुझ्यागत सरळ रेघ आमाला कुणाला जमायची न्हाई."

ते खरं होतं. मापं माझ्याच वहीत होती. मी खाली बसले. कडेपासून किती आत, कमानीच्या माथ्यावर किती, खाली उतरताना किती, हे मला बघावं लागलं नाही. मी टेपवर बारा ठिपके दिले आणि ते जोडले. उस्ताद वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "बहुत साफ खींचा है।" मला बरं वाटलं. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे मी कधी विसरू शकत नाही. मग मी गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि तिकडचीही रेघ ओढली, पहिलीशी तंतोतंत जुळणारी.

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या हरणांच्या पायांपर्यंत उडत होत्या. कापून झाल्यावर कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा तुकडा खाली पडला. उस्तादने तो निवू दिला, त्याची धार कानशीने घासली आणि माझ्या हातात ठेवला. "आपका है." दुसऱ्या बाजूचा नंतर दादाच्या फ्लेक्सवाल्या मित्राने मागून घेतला. त्याच्या दुकानात तो भिंतीवर लावला आहे म्हणतात.

मग उस्तादने दादाला उघडी फट दाखवली. आतला आणि बाहेरचा पत्रा आता सुटे झाले होते. वेल्डिंग, सीलर, वाळायला वेळ, सगळं धरून दोन दिवस अजून लागतील म्हणाला. वाढदिवस परवावर आला होता आणि रंग बाकी होता.

"बाद में करेंगे," दादा म्हणाला. "अभी ऊपर से बिठा दो."

उस्तादने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या तुकड्याकडे बघत होते.

वाढदिवसाला गाडी चौकात फ्लेक्सखाली बरोबर चित्रातल्यासारखी उभी केली. तोच कोन, पुढचं चाक तसंच वळवलेलं. केक बॉनेटवर कापला. लोक खाली गाडीकडे आणि वर फ्लेक्सकडे आळीपाळीने बघत होते आणि दादा प्रत्येकाला म्हणत होता, "सेम टू सेम हाय का न्हाई?" सेम टू सेम होती. डावी कमान बोटभर वर बसली होती, पण ते मला सोडून कुणाला दिसलं नाही. बायका आमच्या ओट्यावर होत्या. एका काकूंनी मला विचारलं, "तुज्या नावावर हाय म्हनं?" मी मान हलवली. "भाग्याची गं बाई," त्या म्हणाल्या.

त्यानंतर माझ्या मोबाइलवर मेसेज यायला लागले. वेगासाठी दंड, आवाजासाठी दंड, परवानगी न घेता गाडीच्या रचनेत बदल केल्याबद्दल दंड. गाडी माझी, म्हणून मेसेज मला. मी ते दादाला पाठवायचे आणि तो अंगठा पाठवायचा. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मोबाइल टेबलावर होता, स्क्रीनवर मेसेज उघडा झाला आणि शेजारचा मुलगा म्हणाला, "अरे बापरे, तू अशी चालवतेस?" मी हो म्हणाले. काय सांगणार होते?

पावसाळ्यात दादाने कुठूनशी मोठी काळी गाडी आणली. लाल गाडी गोठ्याच्या शेडमध्ये गेली, पुढचं तोंड आत आणि मागची बाजू पावसात. ते "बाद में" कधी आलंच नाही. ऑगस्टमध्ये मी छत्री घेऊन बघायला गेले. चाकाच्या मागे बोट घातलं तर ओली तपकिरी पूड बोटाला लागली. बाहेरून काही दिसत नव्हतं. कमान लालभडक चमकत होती.

"घे आता, तुझीच हाय," दादा दसऱ्याला म्हणाला आणि त्याने किल्ली खुंटीला लावली. झेंडूची माळ त्यानेच घातली होती, काळ्या गाडीला मोठी आणि हिला छोटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेतली. कुणाला सांगितलं नाही. गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. फाटकाचे खांब जुन्या रुंदीला पुरत होते, आता दोन्हीकडे चार-चार बोटं उरत होती, मी श्वास धरून बाहेर काढली. सरळ रस्त्यावर ती चालली. पण प्रत्येक वळणावर मागचं चाक फायबरला घासून किंचाळायचं, आणि शाळेपुढच्या गतिरोधकावर पुढचा ओठ अडकला आणि फाटला. मी उतरून तो उचलला. दुधाचे कॅन घेऊन चाललेला एक मामा मोटारसायकल थांबवून म्हणाला, "दादा कुटं हायेत? त्यास्नी फोन लावू का?" मी नको म्हणाले. ओठ शेजारच्या सीटवर ठेवला आणि वळायला जागा मिळेपर्यंत पुढे गेले, मग परत आले. हिंजवडीपर्यंत रस्ता दहा किलोमीटरसुद्धा नाही. मी दीड किलोमीटर गेले असेन.

यंदा उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला इंजिन आणि गिअरबॉक्स हवा होता, बाकी गाडी तो भंगारात घालणार होता. तो आणि दादा ओट्यावर बसले. मी आत ऑफिसचं काम करत होते. हल्ली गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल वाजला.

"मॅडम, नंबर आला का बघ," दादाने बाहेरून हाक मारली.

मी मोबाइल घेऊन दारात आले. "आलाय."

"सांग की मग."

सहा आकडे होते. मला एका नजरेत पाठ झाले, अजूनही आठवतात.

"नाही," मी म्हणाले.

दादाने मान वर केली. त्याला वाटलं मला आकडे दिसत नाहीत. "न्हाई म्हंजी? आला न्हाई?"

"आलाय. मी सांगणार नाही. गाडी विकायची नाही."

माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, बारीक, पुस्तकी. आयुष्यात पहिल्यांदा मी या अंगणात हे बोलले होते. आता काहीतरी होईल, दादा उठेल, आप्पांना बोलावतील, जमिनीपासून सगळं निघेल. मी त्याची तयारी करून उभी होते. मला ते व्हायला हवं होतं.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग हसला.

"बरं, ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ठिव. लोणचं घाल तिचं." आणि गिऱ्हाइकाकडे वळला. "जाऊ द्या पाव्हनं. मॅडमचा जीव हाय तिच्यावर. आपली जुनी जीप दावतो, चला. तिचं विंजान लई चांगलं हाय."

गिऱ्हाईक लगेच उठलं. ते दोघं जीपकडे गेले. दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपली. मी दारातच होते.

आई मागे कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे न बघता, बाहेर शेडकडे बघत म्हणाली, "न्हाई म्हनायचं व्हतं तर पौडला म्हनायचंस."

मोरपंखी साडीचं मी काढलं नाही. तिनेही काढलं नाही.

"पाव्हनं हायेत," ती म्हणाली. "चहा टाक."

मी टाकला. दोघं जीप बघून आले आणि ओट्यावर बसले. गिऱ्हाइकाने पहिला घोट घेतला आणि दादाला म्हणाला, "चहा झकास केलाय हो बहिणीनं."

"मग!" दादा म्हणाला. "आमच्या मॅडमला सगळं येतंय."